तेवीस ठिपके

हिलाल आप्पांच्या वहीत तेवीस नोंदी.
शिरूडची विहीर, काठापासून पाण्यापर्यंत किती मीटर,
टेपच्या टोकाला बांधलेला नट
बुडाल्याचा आवाज आला की आकडा वाचायचा.
मला एका चित्रात दोनच गोष्टी हव्या होत्या:
ठिपके, आणि ठिपक्यांतून जाणारी रेघ.

अमळनेर, एप्रिल, दुपारचे दोन.
वीज आहे तोवर उरकू म्हणून बसले.
या भाषेत ओळ उजवीकडून सुटते,
डाव्या टोकाला पोचेपर्यंत उत्तर झालेलं असतं.
उर्दू शाळेचे रिझवान सर मागून वाकून बघतात:
मग यात अवघड काय आहे?

रेघ आली. ठिपके नाहीत.
तीन वेळा चालवलं, तीन वेळा नुसती रेघ.
मग कळलं, पेनाची जाडी एक.
होते ते, सगळे होते, काचेवरच्या धुळीएवढे.
मीच ओढणीने दोनदा पुसले होते.

जाडी पाच केली.
आले, पण डाव्या कोपऱ्यात गर्दी करून.
रेघेला मी तारखा दिल्या होत्या,
ठिपक्यांना द्यायच्या राहिल्या.
ज्याला तारीख नाही ते स्वतःच मोजू लागतं,
शून्य, एक, दोन, तीन,
म्हणून अख्खा उन्हाळा जानेवारीतच संपलेला.

(मधे एकदा कालचं चित्र पुसायचं विसरले.
आजच्याखाली कालचं, शेहेचाळीस ठिपके,
विहिरीखाली विहीर.)

तारखा दिल्या. ठिपके आपापल्या जागी बसले.
आणि रेघ वेडी झाली.
एप्रिलच्या टोकाला गेली, तिथून उलटी फिरली,
सगळं चित्र तिरपं कापत
जानेवारीत शिरली.
वही उघडली. शेवटच्या पानावर हिरव्या शाईत
जानेवारीच्या तीन नोंदी.
तेव्हा आप्पा वही घरी विसरले होते,
मोटारीच्या पेटीवर खडूने लिहून आले,
पेटीवरून वहीत उतरायला एप्रिल उजाडला.
ठिपक्यांना याचं काही नाही,
आधी सांगा, नंतर सांगा, ते तिथंच.
रेघ मात्र ऐकलेल्या क्रमानं चालते.
तारखांप्रमाणे लावायला दोन चिन्हं पुरली.
एक तिरकी काडी, एक विसर्गासारखं.

साडेचारला आप्पा आले, एसटीनं,
कॉलरखाली रुमाल, पिशवीत टेप.
चित्राकडे बघून म्हणाले,
"ताई, उन्हायामा पानी वर चढस का?"
खरंच. खोली वाढली तसा आकडा वाढला,
आकडा वाढला तशी रेघ वर.
मी एक उणे चिन्ह टाकलं
आणि पाणी विहिरीत उतरलं.

मग ते एकेक ठिपका बोटानं ओळखत गेले.
हा कॅनॉल सुटला तेव्हाचा.
हा शेजारच्यानं रात्रभर मोटार चालवली त्या सकाळचा.
एकही सरळ रेषेत नाही,
प्रत्येकाशी रेघ थोडी मोडते, थोडी वाकते,
त्यांना सगळ्यांची कारणं पाठ.

अकरा मार्चवर बोट थांबलं.
बारा पूर्णांक नऊ.
आधी बारा सहा, नंतर तेरा दोन,
हा बरोब्बर मधोमध.
दुपारभर मला तोच सगळ्यांत शहाणा वाटलेला,
तिथं रेघेला वाकच नव्हता.

"हाऊ मन्हा नही," आप्पा म्हणाले.
"तो दिन मी गऊच नही. आंडेरनं लगीन व्हतं."
थोड्या वेळानं, खाली बघत:
मधला आकडा काढून लिहून टाकला,
जागा रिकामी बरी दिसेना.

मी काही बोलले नाही.
तारखांतून एक काढली, आकड्यांतून एक काढला,
दोन्हींची लांबी बावीस भरते का पाहिलं,
आणि ओळ पुन्हा सोडली, उजवीकडून.

ठिपका गेला.
रेघ जागची हलली नाही.

आप्पांचं बोट अजून तिथंच होतं, काचेवर.