पन्नासाचे अठ्ठावन्न

शारजा, इंडस्ट्रियल एरिया सहा.
ऑगस्टात इथे थंड पाण्याचा नळ
चटका देतो,
आणि बंद ठेवलेल्या गीझरमधलं पाणी
त्यातल्या त्यात थंड.
हे ज्याला कळलं तो टिकला.
मला हे रऊफ मुकादमने सांगितलं, पहिल्याच रात्री,
वरच्या बंकवरून पाय खाली सोडून.
दाभोळचा माणूस, परातीएवढे पंजे.

मशीनला मात्र हे कोण सांगणार?
डेव्हलपर पस्तीस अंशांवर हवं, टाकीत एकोणचाळीस.
मी पन्नास टक्के ठिपका मागतो,
फिल्मवर येतो अठ्ठावन्न.
शेराला सव्वाशेर म्हणून खपलं असतं,
पण माझ्या पहिल्या मालकाने, मिरजेत,
लग्नपत्रिकांच्या ट्रेडलजवळ उभं करून
एकच गोष्ट शिकवली होती:
मापात पाप नको.

म्हणून दर शनिवारी पट्टी काढायची.
एकवीस चौकटी, शून्यापासून शंभरपर्यंत.
हिरव्या दिव्यात फिक्सरचा आंबूस वास,
मग बाहेर येऊन डेन्सिटोमीटरची चोच
एकेका चौकटीवर टेकवायची.
ती टिक् करते, आकडा सांगते.
पाचाला सात. पंचविसाला एकतीस. पन्नासाला अठ्ठावन्न.
पंचाहत्तरच्या पुढे ठिपके एकमेकांत घुसलेले,
मधल्या उजेडाला टाचणीएवढी जागा.
शंभराचं काळं तेवढं खरं,
दिव्यासमोर धरलं तरी पलीकडचं काही दिसत नाही.

हे आकडे मशीनला द्यायचे:
मी इतकं मागितलं होतं, तू इतकं दिलंस.
मग पन्नास म्हटलं की ते त्रेचाळीस मारतं
आणि पन्नास येतात.
खोट्यातून खोटं वजा करून
खरं काढायचं,
याला आम्ही कॅलिब्रेशन म्हणतो.

त्या शनिवारी आकडे टाईप करून झाले होते,
सेव्ह करायचं राहिलं होतं,
तेवढ्यात पान सात आलं.
वर डाव्या कोपऱ्यात फ्रोझन कोंबडी,
नऊ दिरहम पंच्याण्णव.
खाली उजवीकडे पासपोर्टचे तीन फोटो.
कामावरून पळालेले. आसरा देऊ नये.
आढळल्यास कळवावे.

तिसरा रऊफ.
अकरा वर्षांपूर्वीचा, मिशी नसलेला,
कॉलर कुणाची तरी उसनी.
भिंगाखाली पाहिला तर रऊफ नाहीच,
नुसते ठिपके. गालावर तीस टक्के,
हनुवटीखाली सत्तर,
डोळ्यात पंच्याण्णव, आणि त्यात
दोन टक्क्यांचा एक, चमक म्हणून उरलेला.

पाच महिन्यांचा पगार थकला होता त्याचा.
हे छापलं नव्हतं.
छापलं असतं तर जागा लागली असती,
आणि जागेचे पैसे पडतात.

पडद्याने विचारलं, सेव्ह करू?
मी नाही म्हटलं.

फिल्म अठ्ठावन्नानेच गेली.
प्रेसवर कागद शाई पितो, आणखी वीस चढतात.
सकाळी पान सातवर
शाईत बुडवलेले तीन अंगठे उमटले होते.

लबीबसाहेब कैरोचे. पेपर फडफडवत आले.
मी उभा राहिलो, तोंडाला कोरड.
ही कोंबडी आहे? ते ओरडले.
ही जळकी कोंबडी कोण घेईल विकत?
खालच्या कोपऱ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही.
की पाहिलं?
दारातून जाताना थांबून म्हणाले,
पाण्यामुळे होतं असं. ऑगस्ट आहे.

कोंबडी दुसऱ्या दिवशी फुकट छापून दिली,
माझ्या पगारातून दोनशे चाळीस दिरहम गेले.
पळालेल्यांची जाहिरात पुन्हा छापा म्हणून
कोणी आलं नाही.

पुढच्या शनिवारी पट्टी काढली.
पन्नासाला पन्नास. सेव्ह केलं.
बाकीचे दोघे कोण होते, ठाऊक नाही.
वरचे आठ टक्के
त्यांनाही मिळाले.