साचा

आर्वीच्या रस्त्याने आलं की टाकीपुढचं पहिलं घर,
सपाट डोक्याचं.
ओव्हरसियर जाऊन तीस वर्षं झाली,
बंगला अजून त्याचाच.

बासष्ट साली, कवेलूंच्या गावात, त्यानं स्लॅब टाकली.
भिंतीत देवळी ठेवली नाही, दाराला उंबरा नाही.
पोर्चला एकच खांब, तोही तिरपा.
‘हे घर होय का मोटरष्टँड?’ लोक तेव्हा म्हणाले म्हणे.
मी विकत घेतलं तेव्हाही म्हणाले.

वरून टिनाचं शेड टाका, खाली टाईल बसवा,
ती जाळी काढा, धूळ येते.
एप्रिलभर मी ऐकत राहिले, कूलरपुढे बसून.
मग धामणगावहून पॉलिशवाला आला, हनीफ.
त्याच्या मशीनखाली साठ वर्षांचा मळ
राखाडी पाणी होऊन नालीला लागला.
खाली मोझॅक. हिरवी चिप, पांढरी चिप,
आणि स्वयंपाकघराच्या मागच्या दारात, वीतभर जागेत,
बांगड्यांचे तुकडे, लाल नि निळे,
नक्षी न करता, नुसते मूठभर टाकलेले.
नकाशात ते नाहीत. नकाशा माझ्याकडे आहे.

जाळीचे चार ठोकळे मात्र मिळेनात.
अमरावतीच्या दुकानदारानं मोबाईलवर
प्लास्टिकची फुलं दाखवली.
साचा सापडला गावातच,
पार्बताबाईच्या कोठ्यात, कोंबड्यांच्या डालीखाली.
लोखंडी, गंजलेला, बिजागऱ्या शाबूत.

‘माह्या बापानं ओतले थे सारे. दोनशे चाळीस.
म्या पानी मारलं. आठ वर्साची व्हती.’
आणि बांगड्या?
‘मायच्या. घमेलं उचलता उचलता फुटल्या.
बाप म्हने, फेकाव कायले?’
थोडं थांबून:
‘घर झाल्यावर थ्या दारातून कोनी आत नाई घेतलं आमाले.’

साचा तिनं विकला नाही. वापरा न् आणून द्या म्हणाली,
कोंबड्या काय डोक्यावर ठेवू?

चार ठोकळे ओतले. सात दिवस पाणी तिनंच मारलं,
माझ्या हाताला धार नाही म्हणे.
ते जुन्यांपेक्षा पांढरे दिसतात. पेंटर म्हणाला, एकसारखं करून देतो.
नको म्हटलं.
स्लॅब कोपऱ्यात अजून गळते, तिथे बादली आहे.

साचा न्यायला ती आली त्या दिवशी
मी पुढचं दार सताड उघडून उभी होते.
ती मागून आली.
चपला हातात,
बांगड्यांवर पाय पडू न देता,
आत.