एकतिसावं घर

एफो डोत्से सायकलवरून उतरायचा नाही.
एक पाय जमिनीला टेकवून
होहोएच्या बाजारात टोपलीटोपलीपाशी थांबायचा
आणि हात पुढे करायचा, मागत्यासारखा नाही,
नाडी बघायला वैद्य करतो तसा.
दोन सेडी. पाच. कधी नुसतं "उद्या".
"उद्या"सुद्धा तो लिहून घ्यायचा.

पिवळ्या कार्डावर एकतीस घरं.
तीस बाईची, एक त्याचं.
महिना सरला की आपलं घर कापून
बाकीचे तिच्या हातावर.
व्याज? व्याज उलटं,
साठवण्याचं भाडं साठवणारीनंच भरायचं.

हेच समजावायला मी आक्राहून आले.
गळ्यात कंपनीचं ओळखपत्र,
पिशवीत फुकट वाटायला चाळीस निळ्या टोप्या,
तोंडात आईची एवे भाषा, तीही अर्धीकच्ची.
म्हटलं, पैसे फोनमध्ये ठेवा,
फोन भाडं मागत नाही.

मानसा धुरावरचे मासे उलटत म्हणाली,
"फोनमधले पैसे माझ्या नणंदेला वासावरून कळतात.
रात्रीच मेसेज: वहिनी, पोराची फी.
एफोकडचे पैसे महिनाभर
कुणाचे भाऊ नसतात, कुणाचे मामा नसतात."
टोपी मात्र घेतली. टोपी चांगली होती.

मी अहवालात लिहिलं:
ग्राहकांमध्ये जागृतीचा अभाव.

मार्चमध्ये एफो गेला,
सायकल भिंतीला लावून, बाकावर बसल्या बसल्या.
आठव्या दिवशी काळ्या-लाल कपड्यांत सगळा बाजार
त्याच्या अंगणात, भाड्याच्या प्लास्टिक खुर्च्यांवर.
मुलीनं पत्र्याची पेटी आणली आणि वही.
वहीत आकडे नव्हतेच.
कोंबडीच्या पायांसारख्या खुणा, टिंबं,
एक मासा, एक कात्री.
कार्डं म्हणाल तर निम्मी हरवलेली,
एक बकरीनं खाल्लेलं.

"तू बँकवाली ना? बस इथे."
बसले. मनात गणित तयार होतं:
माणूस मेला की आकडे फुगतात,
प्रशिक्षणात हे दुसऱ्याच दिवशी शिकवतात.

एकेक येऊ लागली.
एकीनं आकडा सांगितला की मागचीनं मान हलवायची,
किंवा, "अगं, त्या शनिवारी पूल बंद होता, दोन कमी कर."
शिवणवाली होलाली आपली चार घरं विसरली होती,
ती केळीवालीनं आठवून दिली.
आक्पेने सत्तरच्या जागी शंभर म्हणाली.
सगळ्यांनी ऐकलं. कुणाची मान हलली नाही.
एक म्हातारी खोकली.
माझं पेन अडलं तशी एफोची मुलगी म्हणाली,
"लिही. तिचं पोर इस्पितळात आहे."

बेरजेत तीस कमी पडले.
पुन्हा केली. पुन्हा तीस.
"हातचा सुटला असेल," मी म्हटलं,
आणि शोकाच्या अंगणात बायका हसल्या,
हातचा कुठे सुटला ते माहीत असल्यासारख्या.

मग मानसा उठली. "एफोचं घर द्यायचं राहिलंय."
कुणी म्हणालं, महिना कुठे भरला?
"त्याचा भरला ना."
प्रत्येकीच्या पैशांतून एक घर कापलं.
तीस भरून निघाले,
उरलेल्यात खुर्च्यांचं निम्मं भाडं फिटलं.
उरलेल्या भाड्यावरून खुर्चीवाल्याशी
पुढे आठवडाभर भांडण.

मी त्यांना भोळ्या म्हणणार नाही.
डेन्यूचा एक वसुलीवाला पेटीसकट पळाला
तेही याच सांगतात, नाव घेऊन, थुंकून.
माझे अकरा ग्राहक झाले, लक्ष्य साठाचं होतं.
आता सायकल मुलगी चालवते. ती उतरते.
आक्पेने म्हणे परवा पेटीत तीस टाकून गेली,
कुणी म्हणतं वीस.

माझ्या फॉर्मवर एक रकाना आहे: ग्राहकाची पत.
मानसापुढे लिहिलं. होलालीपुढे लिहिलं.
आक्पेनेपाशी
दिवा जाईपर्यंत बसून होते.