आत लिहिलेलं

डनलिन वर्ग, नियम चौथा:
वजन ब्याऐंशी किलो, त्याखाली नाही.
हा नियम विल्फ गॅरडने लिहिला, सिगारेटच्या पाकिटावर,
आणि त्याच्याच चौसष्टाव्या होडीला
मी ह्याच नियमाने बाद केलं.
चारशे ग्रॅम.
तो काट्याकडे बघत राहिला, मग म्हणाला,
"काटा बरोबर आहे. मीच दिलाय तुला."

एसेक्सची ही खाडी दिवसातून दोनदा उघडी पडते.
उरतो चिखल, आणि चिखलात चोच खुपसणारे
ते बुटके पक्षी, ज्यांना आम्ही शिडावर रंगवतो.
काठावर कोळशाची जुनी वखार.
तिथे तो होड्या शिवायचा.
शिवायचाच.
चार मिलिमीटरचं प्लायवूड, कडेने भोकं,
भोकांतून तांब्याची तार,
पीळ, पुढचं भोक, पीळ.
सपाट तक्ता हळूहळू पोट धरायचा
आणि कुरकुरायचा. विल्फ थांबायचा.
किटलीतलं कढत पाणी फडक्यावर ओतून
तक्त्याच्या पाठीवर ठेवायचा,
दुखऱ्या कमरेला शेक द्यावा तसा.
"लाकडाला आपली घाई कळते," म्हणायचा,
"सांगतं मात्र शर्यतीच्या दिवशी."
मी सोळाचा होतो. तारेने बोटं हिरवी.

कॅटमरान. शब्द तमिळ किनाऱ्यावरचा: बांधलेली लाकडं.
दोन होड्यांवर पाय ठेवणारा बुडतो म्हणतात.
विल्फ एका डोणीवरून दुसरीवर मांजरासारखा जायचा,
आणि वाऱ्याकडची डोणी पाण्याबाहेर उचलली
की हसायचा.
जमिनीवर त्याला हसताना मी पाहिलेला नाही.

एकशे बारा होड्या झाल्या.
मग साच्यातून निघालेल्या आल्या, काळ्या, कार्बनच्या,
टाका नसलेल्या. वेगवान. खरंच वेगवान, खोटं का बोला.
वखारीला कुलूप लागलं, पुढे विल्फही गेला.
गेल्या वर्षी आमच्या स्पर्धेला पाच जण होतो,
त्यातला एक तिसऱ्या फेरीनंतर परतला,
नातवाला शाळेतून आणायचं होतं.

ह्या वसंतात टॅम्झिन प्लेजर आली, ट्रेलर ओढत.
वर चौसष्टावी.
बारा वर्षं तिच्याखाली कोंबड्या राहत होत्या.
"मोजून द्याल?"
आधी कापावी लागेल, म्हटलं. डाव्या डोणीचा तळ कुजलाय.
वीतभर चौकोन काढला, विजेरी आत घातली.

आत, डेक बसल्यावर जिथे कुणाची नजर जात नाही,
पेन्सिलीने, त्याच्या ठसठशीत अक्षरात:
मंगळवार. पाऊस.
बेरिल गेली, सकाळी साडेसहाला.
डेक आज बसवायचा होता. बसवला.
आणि खाली, बारीक:
आतले दोन आडवे पाट काढून टाकले.
फार जड वाटत होतं सगळं.

बेरिलच्या मातीला मी गेलो होतो.
टोपी हातात धरून उभा होतो त्याच्या शेजारी.
मोजणी पुढच्या महिन्यात होती.

"काय आहे आत?" टॅम्झिनने विचारलं.
मी विजेरी तिच्या हातात दिली.
तिने बराच वेळ वाचलं, ओळी चारच होत्या तरी.

ठिगळ लागलं, डिंक सुकला.
काटा काढला: ब्याऐंशी किलो, तीनशे ग्रॅम.
ओल पिऊन, कुजून, ठिगळं खाऊन
होडी नियमात बसली.
मी सही केली.

नाही, हे उलटं सांगितलं.
ठिगळ बसवण्याआधी मीही पेन्सिल घेतली होती.
काही सुचेना.
टॅम्झिन तक्ता दाबून उभी, तिचे हात भरून आलेले.
शेवटी लिहिलं:
गुरुवार. कोरडा वारा, ईशान्येचा.
"चल," म्हटलं, "तार दे."