सिलिंडरचा नंबर

दादांच्या चष्म्याच्या चिठ्ठीवर तीन आकडे.
दुसरा सिलिंडरचा, तिसरा कोन.
राजारामपुरीतल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
डोळ्याचा गोल जरा दाबलाय,
चेंडू नाही राहिला, लिंबू झालाय.
"म्हंजे दिवं लांबुडकं दिसत्यात
ते दिव्याच्या खोडीनं न्हवं तर,"
दादा म्हणाले, आणि निर्धास्त झाले.

विद्यापीठात, आमच्या खोलीत,
मोरांचा आवाज जिथं खिडकीपर्यंत येतो,
तसलीच एक काच मी मुद्दाम बसवते
कॅमेऱ्याच्या तोंडाशी.
साडेतीन महिने गेले
नजर नीट बिघडवण्यात.

काचपट्टीत कोरलेला पाट:
दोन केस रुंद, एक केस खोल.
सिरिंजचा दट्ट्या मुंगीला लाजवेल अशा चालीनं सरकतो.
दिवसाकाठी एक थेंब जातो त्यातून.
थेंबात मणी, साध्या डोळ्याला न दिसणारे,
हिरवा लेझर पडला की नारिंगी पेटतात.
वरच्या थरातला मणी उभा दिसतो,
तळाशी गेलेला आडवा,
अगदी मधला असेल तोच गोल.
वरून बघणारी एकच नजर,
तिला खोली कळते ती अशी,
मणी किती विस्कटला त्यावरून.
हंगामात उसाचे ट्रॅक्टर गेले की
सगळा पाट थरथरतो. मग थांबायचं.
चहा.

दादा पाटबंधारे खात्यात, बंधाऱ्यावर.
एकतीस पावसाळे पट्टी वाचली.
एकोणचाळीसला इशारा, त्रेचाळीसला धोका,
रात्री बॅटरीच्या उजेडात, दर तासाला,
फूट, इंच, आणि आधी वेळ.
ओढ मोजायला त्यांची स्वतःची रीत होती:
वाहत आलेलं उसाचं वाडं हेरायचं,
या खांबापासून त्या झाडापर्यंत
मनात आकडे म्हणत.
एकदा मला म्हणाले होते,
"वाड्याला वरचंच ठावं.
खाली पाणी काय करतंय
ते ह्या पट्टीला बी कळत न्हाई."
मी चौथीत होते. पाय पाण्यात सोडायची परवानगी नव्हती.

परवा घेऊन आले त्यांना.
चपला बाहेर काढल्या, देवळात काढतात तशा.
"पाणी मोजतीस न्हवं? मग पट्टी कुटाय?"
मी पडदा दाखवला.
काळोखात सरकणारे ठिपके,
मधले घाईत,
कडेचे रेंगाळत,
आणि भिंतीला चिकटलेल्या थरात जवळजवळ थांबलेलं पाणी.
"आडूसा लागला की पाणी हुबं ऱ्हातंय," ते म्हणाले,
"ते म्हाईत हाय मला."
मी आख्खं प्रकरण लिहिलंय त्यावर.

मग त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला,
आणि न लावताच पडद्याकडं बघत राहिले.
"आता ह्ये आडवं हुतं ते गोल झालं की गं."
मी बघितलं. माझ्या डोळ्यांना ते आडवेच होते,
तळाजवळचे.
त्यांच्या डोळ्यातला लिंबू
माझ्या काचेच्या उलट्या अंगाला दाबलेला असणार.
मी जिथं मध्य धरला होता
त्याच्या बरंच खाली, गाळाजवळ,
दादांचा मध्य होता.

हे वहीत कुठल्या रकान्यात लिहायचं
मला सुचेना.

त्यांनी एक मणी हेरला.
ओठ हलायला लागले,
पडद्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत,
अकरा, बारा, तेरा.
दट्ट्याची घरघर. बाहेर मोर.
चौदाला मणी गेला.

"लिहून घे," दादा म्हणाले.
मी पेन उचललं.
"आदी येळ लिही."