आस

देवगड बंदरात, बर्फाच्या कारखान्यावरची खोली
मी घेतली भिंती गार राहतात म्हणून.
माझी मशीन्स तापतात. दोन आहेत, टेबलाखाली,
रात्रंदिवस वारा मोजतात,
आणि खिडकी मला बंद ठेवावी लागते
कारण खऱ्या वाऱ्याने कागद उडतात.

काम एवढंच: सड्यावरची चार नंबरची पवनचक्की.
तिच्या पात्याला, बुंध्यापासून तीन हातांवर,
चीर जाते.
पातं बदललं. चीर तिथेच.

तर मी हवेत जाळी टाकली.
खाली धक्क्यावर जाळ्याच्या एका घराला आस म्हणतात.
सुरमईला आस मोठा, तारलीला करंगळीएवढा.
माझ्या जाळीला चौऱ्याऐंशी लाख आस
(योनीही तेवढ्याच सांगतात, पण हा योगायोग,
मशीन याहून जास्त पेलत नाही),
लांब समुद्रावर ऐसपैस,
पात्याजवळ केसाहून बारीक.
पात्याला टेकलेली हवा हलतच नाही, असं धरायचं असतं.
एक केस वर, ती थोडी सरकते,
अजून एक केस, आणि धावते.
सगळं भांडण त्या दोन केसांत.

सेकंदाचे पाचशे तुकडे.
दर तुकड्याला प्रत्येक आस शेजाऱ्याला विचारतो:
तुझ्याकडून किती आलं, माझ्याकडून किती गेलं?
हिशेब जुळेपर्यंत पुन्हा विचारतो.
आस म्हणजे चाक फिरतं तो कणाही.
तिसरा अर्थ स्त्रीलिंगी आहे;
तो रात्री दीड वाजता,
आलेखाची रेघ खाली उतरते का, हे बघत बसल्यावर.

लवू मिठबावकर दोर बांधून
चार नंबरला लोंबकळतो, चीर त्यानेच शोधली.
जिना चढून आला.
"नऊ दिस लावलंस. वारो कितको गावलो?"
बावीस सेकंद, मी म्हटलं. अकरा फेरे.
"तेवड्यात माजी इडी पण पेटना नाय."

आणि त्या बावीस सेकंदांत काहीच नव्हतं.
हवा पात्याला चिकटून गेली,
भोवरे शेपटाकडून शहाण्यासारखे सुटले.
मी त्याला रंगीत चित्र दाखवलं.
त्याने बराच वेळ पाहिलं.
"ह्यो वारो खयसून येता?"
समुद्रावरून. सरळ. आडवा.
"चार नंबर कड्यार आसा, बाय.
थय वारो सरळ येतलो कसो? आपाटता नि वर चडता.
माजी टोपी आजून कदी आडवी उडाली नाय थयसून.
आदी वर जाता."

चौदा अंश वर.
पुन्हा नऊ दिवस, मधे एकदा वीज गेली ते धरून दहा.

सहाव्या फेऱ्याला, पातं खाली येताना,
पुढच्या धारेवरची हवा सुटली.
तिचा भोवरा झाला आणि पात्याच्या पाठीवरून लोळत निघाला.
तो पाठीवर होता तोवर पातं उचललं गेलं,
झेपेल त्याहून जास्त,
आणि तो शेपटावरून घसरला तेव्हा
वरून कुणी हात सोडावा तसं पडलं.
सातव्या फेऱ्याला पुन्हा. आठव्याला.
दोन सेकंदांना एकदा,
वारा दिवसभर राहिला तर त्रेचाळीस हजार वेळा,
बुंध्यापासून तीन हातांवर.

अहवालात मी "कड्यावरून चढणारा प्रवाह" लिहिलं.
टोपीचं लिहिलं नाही.

मशीन्स बंद केल्यावर कॉम्प्रेसर ऐकू आला,
इतके दिवस तो होताच.
खिडकी उघडली.
मतलई सुटली होती, जमिनीकडून पाण्याकडे;
चार नंबरला ती मागून लागते,
आणि तो हिशेब कुणी मागितलेला नाही.
टेबलावरचे कागद उडाले.
मी आधी ते कसे उडतात ते पाहिलं,
मग उचलायला उठले.