एकाच पुस्तकाचे पैसे

वर्ष सरत आलंय. केंटकीतल्या या वाचनालयात
एकाच पुस्तकापुरते पैसे उरलेत,
आणि वर्ना स्टॅम्परच्या टेबलावर नमुन्याच्या दोन प्रती.
एक व्यसनमुक्ती न्यायालयांवरची: जाड, निळी,
न्यायाधीशसाहेबांनी चिठ्ठी पाठवून मागितलेली.
दुसरी कुटुंबवैद्यकाची. ती डॉक्टर प्रुइटना हवी;
खाणीच्या रस्त्यावरचा त्यांचा दवाखाना
मंगळवारी, शुक्रवारी उघडतो, बर्फ नसेल तर.

वर्ना दोन्ही हातांवर तोलून बघते,
भोपळे घेताना बघावेत तशी.
मग हाक मारते कोल्बीला.
कोल्बी इथे पुस्तकं लावतो, कोर्टाच्या हुकमानं;
दोनशे तासांपैकी एकशेचाळीस झालेत.
"तूच सांग. तू दोघांचंही गिऱ्हाईक."

तो हसत नाही. सरळ शेवटची पानं उघडतो,
सूचीवरून बोट फिरवतो.
निळ्या पुस्तकात शिक्षा आहे, शपथ आहे,
लघवीची तपासणी सतरा ठिकाणी.
झोप नाही. दात नाहीत.
दुसऱ्यात दात आहेत, झोप आहे,
पाठदुखीला अख्खं प्रकरण
(त्याचं सगळं पाठीपासूनच तर सुरू झालं होतं),
पण टाळ्या नाहीत.
नव्वद दिवस भरले तेव्हा
न्यायाधीश उभे राहून टाळ्या वाजवत होते,
ते कुठल्या अक्षराखाली शोधायचं?

बाहेर अंधारतंय. वर्ना फॉर्म पुढे ओढते,
"लवकर बोल, पाचला कुलूप लावायचंय."
कोल्बी पाठदुखीच्या पानाचा कोपरा दुमडतो,
मग आठवतं, पुस्तक अजून आपलं नाही,
आणि अंगठ्यानं घडी सपाट करत राहतो.